दोन मुलग्यांची गोष्ट

५ नोव्हेंबर

मिळालं. काम मिळालं. उदयसिंह सरांचा फोन आला तेव्हा हात कणकेत होते, कोपरानं दाबूनच तो स्पीकरवर टाकला. सर म्हणाले, मंजुरी आली, उद्यापासून ये. पुढं ते गाडीभाड्याचं वगैरे सांगत होते, पण माझं लक्ष कुठलं. एम.ए. झाल्यापासून मी दुसऱ्यांच्या मुलांचे निबंध तपासले, एका पतसंस्थेत काउंटरवर बसले, आणि भाषाशास्त्र म्हणजे नेमकं काय हे सासरच्या प्रत्येक लग्नात कुणाला ना कुणाला समजावून सांगितलं. उद्यापासून तेच माझं काम.

अमरेश शिरोलीहून कामावरून आला आणि बूट काढता काढताच विचारता झाला, करायचं काय असतं त्यात? नवऱ्याला कळलं तर जगाला कळेल, म्हणून त्याला सांगितलं तसंच इथं लिहून ठेवते. शंभरावर वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या सगळ्या भाषा आणि बोली मोजायला घेतल्या. कुठली भाषा कुठल्या कुळातली, कुठल्या फांदीवरची, तिच्या बोली किती, सगळं ज्या त्या खान्यात बसवायचं. त्यासाठी त्यानं सगळीकडं एकच गोष्ट पाठवली आणि सांगितलं, ही तुमच्याकडच्या बोलीत करून पाठवा. गोष्ट पाद्र्यांच्या ओळखीची. एका माणसाला दोन मुलगे असतात. धाकटा बापाजवळ वाटणी मागतो, घेऊन परमुलखात जातो, सगळं उधळतो, शेवटी डुकरं राखायची पाळी येते. मग शरमेनं परत येतो. बाप त्याला मिठी मारतो आणि जेवणावळ घालतो. घरी राबणारा थोरला रुसतो, बाप त्याची समजूत काढतो. संपली गोष्ट. ही एवढीशी गोष्ट शेकडो बोलींत उतरून टपालानं साहेबाकडं आली आणि त्यावरून त्यानं भाषांची नाती लावली. आता तीच गोष्ट आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात पुन्हा गोळा करणार. या वेळी कागदावर नाही, माणसांच्या आवाजात.

अमरेश म्हणाला, म्हणजे दिवसभर एकच गोष्ट ऐकायची? मी म्हटलं, होय, आणि वर पगार घ्यायचा.

एक राहिलंच. भाऊबीजेला माहेरी गेले होते तेव्हा सोमेश, माझा धाकटा भाऊ, जेवताना म्हणाला की आमचे वडील, अप्पा, गेल्यावर शेताच्या उताऱ्यावर तिघांची नावं लागलीत. अव्वाचं म्हणजे आईचं, त्याचं आणि माझं. विहिरीवर मोटर बदलायची आहे, ठिबक करायचं आहे, प्रत्येक कामाला तिघांच्या सह्या कुठं गोळा करायच्या? तर अव्वानं आणि मी हक्कसोडपत्र करून द्यावं. मी घाससुद्धा न थांबवता हो म्हटलं. भाऊ कसतो, बहीण सोडते, आमच्याकडं सगळ्याच करतात. माहेर राहिलं म्हणजे झालं. अमरेशनं आज पुन्हा विचारलं, विचार केलास का? मी म्हटलं, विचार करण्यासारखं असतं तिथं मी करते.

९ नोव्हेंबर

पहिलं रेकॉर्डिंग झालं आणि काय झालं!

मुरगूडला गेलते. (बघा, एका दिवसात मीही गेलते म्हणायला लागले.) सरांचे नियम साधे आहेत. आपण गोष्ट एकदा प्रमाण मराठीत सांगायची, मग सांगणाऱ्यानं आपल्या बोलीत सांगायची. मध्ये बोलायचं नाही. सुधारायचं नाही. आणि झालेलं रेकॉर्डिंग काहीही झालं तरी पुसायचं नाही. हा शेवटचा नियम सरांनी बोट नाचवून सांगितला.

गणपतराव म्हणून शेतकरी आहेत, सत्तरीतले, आवाज असा की पलीकडच्या शिवारातली माणसं वळून बघतात. त्यांनी माझी गोष्ट मान डोलवत ऐकून घेतली आणि सुरुवात झकास केली. "एका मानसाला दोन प्वारं हुती." पण वाटणीपाशी आले आणि गाडी अडली. मला म्हणाले, "बाप जिता असताना वाटणी मागनारं प्वार परत घरात कसं घेतलं, बाई?" मला बोलायला बंदी. मी नुसती हसले. त्यांनी थोडा वेळ रेकॉर्डरकडं रागानं पाहिलं आणि म्हणाले, "आमच्यात असलं चालत न्हाय. पन तुमची गोष्ट हाय म्हनताय तर घेतो बापडा." मग बकरं कापलं, भावकीला आवतण गेलं, आणि थोरला रुसला. त्या थोरल्याला त्यांनी जे बोलायला लावलंय ते ऐकण्यासारखं आहे. माझ्या गोष्टीत त्याची दोन वाक्यं होती. गणपतरावांनी त्याला पाणी पाजायला लावलं, बैल धुवायला लावले, बापाच्या आजारपणात कोल्हापूरच्या दवाखान्यात खेटे घालायला लावले. रागाच्या भरात माणूस अस्सल बोली बोलतो, हे माझं निरीक्षण मी सरांना सांगणार आहे. गणपतराव घरातले थोरले की धाकटे, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

निघताना म्हणाले, त्यांची बहीण बनाबाई त्याच गावात दिलेली आहे, ओढ्याच्या पलीकडं. ती चांगली सांगेल. मी म्हटलं, चला की मग तुम्हीही. तर म्हणाले, तुम्ही जावा, मला सवड न्हाय.

१४ नोव्हेंबर

कबनूर. यंत्रमागावर काम करणारी माणसं एवढ्या मोठ्यानं बोलतात की माग बंद असले तरी आवाज खाली येत नाही. पिराजी नावाच्या गड्यानं गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि रेकॉर्डरचा काटा थेट लाल पट्ट्यात गेला. मी हातानं हळू हळू अशी खूण केली. त्याला वाटलं लवकर आटप म्हणतेय. मग त्यानं वेग दुप्पट केला. पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं.

त्याचा धाकटा भिवंडीला गेला. डुकरं राखली नाहीत, दुसऱ्याच्या मागावर रात्रपाळी केली, आणि पिराजीच्या मते ती डुकरांपेक्षा वाईट. बाप दारात उभा राहून वाट बघतो हे सांगताना त्याचा आवाज एकदम खाली आला. तेवढा एकच भाग नीट रेकॉर्ड झालाय.

इतकी मजा येतेय की मला भीती वाटते, कुणीतरी हे काम काढून घेईल. परतताना बसमध्ये सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, कीर्तन का? मी म्हटलं, तसंच समजा.

१९ नोव्हेंबर

आज सोनं सापडलं. जे घडलं ते क्रमानं लिहिते, नाहीतर उत्साहात अर्धं विसरेन.

बनाबाईंच्या गोठ्यात म्हशी रांगेनं बांधलेल्या, डेअरीचं कॅन भरायची वेळ. त्यांनी मला बसायला पोतं दिलं आणि धार काढता काढताच गोष्ट ऐकली. बाई गणपतरावांच्या वरताण. सांगायला लागल्या आणि गोष्ट धो धो वाहायला लागली. धाकटा उधळला, उपाशी राहिला, परत आला, दारात उभा राहिला. आणि तिथं बाई थांबल्या.

"आता ह्येला भाकरतुकडा कोन ओवाळनार?"

मी गप्प. नियम.

"सांग की. एवढ्या लांबनं आलाय, उपाशी, कुनाकुनाची नजर लागलेली. तसाच आत घ्याचा? बाप ओवाळतोय व्हय? आयेचं तर तुझ्या गोष्टीत नावच न्हाय. मेली आसंल. मग भन पायजे का नको?"

मी नियम मोडला. म्हटलं, मावशी, मूळ गोष्टीत मुलगी नाही.

"गोष्टीत नसंल. घरात असती की."

आणि त्यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. एका मानसाला दोन प्वारं आन एक पोरगी. पोरगी सासरी. भाऊ आला हे कळल्यावर ती धावत येते, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहते, ओवाळून टाकते, मगच तो उंबऱ्याच्या आत पाय टाकतो. पुढं मग बापाची मिठी वगैरे. म्हणजे साहेबाची गोष्ट शंभर वर्षं जिथं सुरळीत चालली, तिथं ती आमच्या उंबऱ्यावर अडली, कारण तिच्यात बाईच नव्हती आणि बाईशिवाय आमच्याकडं घरात कुणी येत नाही. मला उडी मारावीशी वाटत होती. म्हशी बुजतील म्हणून मारली नाही.

कुतूहल म्हणून विचारलं, वाटणीत त्या पोरीला काय दिलं? बनाबाई म्हणाल्या, तिला कशाला? ती मागत न्हाय, शानी हाय. मी बी न्हाय मागितलं. गणपानं सही मागितली, दिली. हिरवी साडी नेसवली त्यानं मला. मी विचारलं, येतात का मग भाऊ इकडं, ओढा ओलांडला की घर तर आहे. त्या म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, कामं असत्यात त्येला. दिवाळीला ओवाळणी धाडतोय की पोराबरूबर.

किती मोकळं मन. गावाकडच्या बायकांचं हे मला फार आवडतं. ना तक्रार, ना हिशेब.

संध्याकाळी सोमेशचा फोन. कागद तयार होताहेत, अकरा डिसेंबरला गडहिंग्लजला जायचं. म्हणाला, तुझ्यासाठी इरकल साडी घेतलीय, जांभळी. रंग कसा हे मुद्दाम सांगितलं. मला लहानपणापासून जांभळा आवडतो, हे त्याच्या लक्षात आहे.

२२ नोव्हेंबर

सरांशी भांडले. खरंखुरं, आवाज चढवून. ऑफिसातले सगळे बघत होते.

बनाबाईंनंतर मी आणखी गावं केली, आणि बहुतेक बायकांच्या गोष्टीत कुठून ना कुठून एक मुलगी येतेच आहे. कुणी तिला ओवाळायला आणते, कुणी स्वयंपाकाला, एकीनं तर थोरल्याचा रुसवा काढायला आणली. मी हे सगळं नाचत नाचत सरांपुढं मांडलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, हे नमुने बिघडलेत. मूळ गोष्टीशी वाक्याला वाक्य जुळलं नाही तर तुलना कशी करणार? गोष्ट म्हणजे आपलं माप आहे, शांभवी. त्यानं भाषा मोजायची. माप वाढवून घेतलं तर मोजणी कशाची?

तसं पाहिलं तर बरोबर आहे. मीच दुसऱ्या कुणाला हे समजावलं असतं. पण मी म्हटलं, सर, बिघडले नाहीत, पुरे झालेत. त्या मुलीला बाहेर ठेवून घर पुरं होत नाही असं सगळ्या म्हणताहेत आणि आपण तिला काढून टाकून त्यांची बोली मोजणार? सर म्हणाले, काढत नाही, इतर नावाच्या खान्यात ठेवू. मी म्हटलं, ती इतर नाही, ती त्याच माणसाची मुलगी आहे.

 सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, उत्तम आहे.

एका गोष्टीतल्या, तेही कुणी ऐनवेळी घुसडलेल्या मुलीसाठी मी इतकी का भांडले? अमरेशला सांगितलं तर तो नुसता हं म्हणाला. मला त्याचं हे हं आवडत नाही.

१ डिसेंबर

सर हरले. म्हणजे पूर्ण नाही, पण मुलगी असलेल्या गोष्टींचा वेगळा संच करायला तयार झाले, आणि म्हणाले, त्यावर लेख तूच लिही, तुझ्या नावानं. माझ्या नावानं! दुपारभर कामच सुचलं नाही. माझं नाव छापलेलं कसं दिसेल म्हणून कागदावर लिहून बघितलं. सासरचं आडनाव लावायचं की माहेरचं, यावर बराच वेळ गेला.

सीमाभागातला नमुना अजून बाकी आहे. त्या इंग्रज साहेबाच्या हिशेबात कानडी वेगळ्या कुळातली, मराठी वेगळ्या. माझ्या माहेरी, सीमेजवळ, दोन्ही एकाच ताटात. अव्वा रागावते कानडीत, भाव करते मराठीत, आणि देवाशी बोलताना तिला जे आधी सुचेल ते. सर म्हणाले, मग तुझ्या आईचंच घे की. म्हणजे माझी एकाच फेरीत दोन कामं होतील. दहा तारखेला जाऊन रेकॉर्डिंग, अकराला सही.

१० डिसेंबर, माहेरी

अव्वाचं रेकॉर्डिंग झालं.

मी तिला बनाबाईंचं काही सांगितलं नव्हतं, शप्पत. मूळ गोष्ट, दोन मुलगे, जशीच्या तशी सांगितली. बाहेरच्या सोप्यात ती भिंतीला टेकून बसली, मी समोर. आधी लाजली, म्हणाली, माझं बोलणं काय घेतीस, ना इकडचं ना तिकडचं. मग डोळे मिटून सांगायला लागली. इतकं सुंदर सांगत होती, मधूनच कानडी, मधूनच मराठी, सांधा कुठं दिसतच नव्हता. मी खूश होते. सरांना कधी ऐकवते असं झालं होतं.

तिच्या गोष्टीत लेक पहिल्या वाक्यापासूनच होती. मला हसू आलं, मी ते आवरलं. मग धाकटा वाटणी मागायला आला. अव्वा म्हणाली:

"अप्पा म्हणाला, मागतोस तर देतो की. पण मग तिघांचं तिघांना देतो. थोरल्याला वाटा दिला, धाकट्याला दिला, लेकीला दिला."

आणि डोळे उघडले. सोमेश दारात उभा होता, हातात चहाचा कप. कधी आला होता कुणास ठाऊक.

अव्वा म्हणाली, "चुकलं माझं. पुसून टाक ते. दोघांना दिला म्हण."

मी म्हटलं, अव्वा, पुसायचा नियम नाही आमच्यात. तिनं माझा हात धरला.  "पूस म्हणते ना." मग मी रेकॉर्डरचं कुठलं तरी बटण दाबलं आणि म्हटलं, पुसलं. सोमेश कप खाली ठेवून म्हणाला, ऊसतोडीची टोळी आलीय, रानात जाऊन येतो. मी त्याला म्हटलं, तूही सांग की एकदा गोष्ट, तरुण माणसाचा आवाज पाहिजेच आहे. तो म्हणाला, मला कुठली गोष्ट येतीय, अक्का. मी घरी राहिलेला माणूस.

त्यात खोटं काही नाही. अप्पांच्या शेवटच्या वर्षात रोज सकाळी त्यांना उचलून उन्हात बसवायचं आणि ऊन सरकलं की खाट सरकवायची, हे सोमेशनं एकट्यानं केलं. मी महिन्याकाठी यायचे, सफरचंदं घेऊन.

पुसलेलं नाही. ते आहे. आताच कानाला लावून ऐकलं. लेकीला दिला, एवढे दोनच शब्द मागं नेऊन पुन्हा ऐकले, आणि मला रडूच यायला लागलं. हे काय चाललंय माझं? उद्या सही करून येणारी मी. भावाचं मन मोडायची माझी इच्छा नाही, मला शेत नको, ऊस नको. मग मला हवंय काय?

जांभळी इरकल खुर्चीवर घडी करून ठेवलीय. फार सुरेख आहे.

११ डिसेंबर, माहेरी, दुपारी

सोप्यात बसून लिहितेय.  अक्षर बघून कुणाला वाटेल, बसमध्ये लिहिलंय.

सकाळी गडहिंग्लजला गेलो, सोमेश, अव्वा आणि मी. मी इरकल नेसले होते. निबंधक कार्यालयाच्या बाहेर बाकावर वकील कागद घेऊन बसलेले. म्हणाले, सह्यांच्या आधी एकदा वाचून दाखवतो, ऐकून घ्या. आणि एका सुरात वाचायला लागले. "कैलासवासी सोमलिंग यांस पत्नी रत्नव्वा, मुलगा सोमेश व मुलगी शांभवी असे वारस आहेत."

महिनाभर मी गोष्टीचं पहिलंच वाक्य ऐकत फिरतेय. मुरगूडचं, कबनूरचं, कुठलं कुठलं. बायकांनी मुलगी आपल्या पदरची घातली, आणि मी तिच्यासाठी सरांशी भांडले. आणि इथं एक वकील, ज्यांना माझं काही देणंघेणं नाही, सरळ पहिल्याच वाक्यात मला मोजून मोकळे झाले. अप्पांची मुलगी. पुढच्या पानावर ते नाव काढून टाकायचं होतं आणि ते मीच माझ्या हातानं काढायचं होतं. मला एकदम कळलं की मी भांडत कुणासाठी होते. इतकी हुशार मी, आणि एवढं कळायला गडहिंग्लजच्या बाकावर यावं लागलं.

वकील म्हणाले, ताई, आधी तुम्ही, मग आजी. पेन हातात दिलं.

मी म्हटलं, "सोमेश, मी सही करणार न्हाई."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. हसला. मग माझं तोंड बघून हसू गेलं. म्हणाला, अक्का, काय झालं, मी काय बोललो का तुला?

"तू काय बोलला न्हाईस. वाटणी मागत न्हाई मी. शेत तूच कस, ऊस तूच घाल. बँकेत, तलाठ्याकडं, जिथं म्हणशील तिथं तुझ्याबरोबर येऊन सही करीन, शंभरदा करीन. पण अप्पांना दोघं होतो आपण. तेवढं कागदावर राहू दे."

वकिलांनी कागद हळूच आपल्याकडं ओढून घेतले. सोमेशचे कान लाल झाले होते. लहानपणी रडायच्या आधी व्हायचे तसे. म्हणाला, "मी राबलोय हितं. तू कोल्लापुरात होतीस." मी म्हटलं, होय, तू राबलास.  तो म्हणाला, सगळ्यांच्या भनी वाटा देतात, गावात मी काय सांगू, माझ्याच बहिणीनं दिला न्हाई म्हणून? मी म्हटलं, सांग, बहिणीनं दिला न्हाई. त्यानं तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं. माहेर संपलं. तरी पेन मी वकिलांना परत दिलं.

वकील अडचणीत. त्यांनी अव्वाकडं पाहिलं. म्हणाले, आजी, तुमची तरी करून घेऊ, एवढ्या लांबून आलाय.

अव्वा म्हणाली, "माझा चष्मा घरी ऱ्हायला."

वकिलांनी तिच्याकडं पाहिलं, मी पाहिलं, सोमेशनं मान वळवून पाहिलं. चष्मा तिच्या नाकावर होता. त्याच चष्म्यातून तिनं आल्या आल्या भिंतीवरचा फलक मोठ्यानं वाचून दाखवला होता. तिनं कुणाकडंच बघितलं नाही. पदर सारखा केला, उठली आणि गाडीकडं चालायला लागली.

 गडहिंग्लज सुटल्यावर सोमेशनं गाडी कडेला घेतली, उतरला आणि उसाकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला. मी खाली उतरणार होते, अव्वानं मागून माझा पदर धरून ठेवला. तो परत येऊन बसला आणि आरशात न बघता म्हणाला, "स्टँडवर सोडतो तुला. बस चुकंल."

अव्वा म्हणाली, "आधी घरी. जेवून जाईल ती."

सोमेशनं फाट्यापर्यंत गाडी सरळ नेली. फाट्यावर ब्रेक दाबला, थांबला, आणि मग घराच्या रस्त्याला वळवली.